चार चौकोनांच्या सांध्यावरची वस्ती

१७ ऑक्टोबर १९७६, नागपूर

दोन स्वेटर आणि एक शाल रिठ्याच्या पाण्यात भिजत घातली आहे. धरमपेठेतल्या एका सहकारी बाईंकडून हे कपडे मी जूनमध्ये मागून नेले होते. जूनमध्ये कॅन्ससला आपल्या वैशाखासारखं ऊन असतं हे मला ठाऊक होतं. मी भूगोल शिकवते. पण सासूबाईंनी ऐकलं नाही. "अमेरिका म्हणजे थंडीच," असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कपडे पेटीत गेले. तिथे एकदाही अंगावर चढले नाहीत. सावजी मसाल्याची पुडी मात्र पेटीतच फुटली. आता थंडी तोंडावर आली, कपडे परत द्यायला हवेत, आणि तिखटाचा वास निघता निघत नाही.

कपडे भिजताहेत तोवर हे लिहून काढते. अमेरिकेहून आले म्हटल्यावर लोक उंच इमारतींबद्दल विचारतात. मी एकही पाहिली नाही. जाऊबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "इतके दूर गेली अन् खेडंच पाहून आली काय वं? खेडं तर कामठीच्या पल्याडही होतं!"

होतं. म्हणूनच लिहिते. परत आले तेव्हा संतापलेली होते आणि अजून आहे. वाचकांनी तेवढं सोसावं.

चौकोनांचा मुलूख

कॅन्ससमधल्या एका लहानशा कॉलेजाने मला उन्हाळ्यापुरतं बोलावलं होतं. तिथल्या काउंटीने देशाच्या स्वातंत्र्याच्या दोनशे वर्षांनिमित्त प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. गेल्या शतकात या काउंटीत कोण कुठे राहत होतं, याचा भिंतभर नकाशा त्यांना हवा होता. लोकसंख्येचे नकाशे मी वर्षानुवर्षं मुलींकडून काढून घेते. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

तो मुलूख वरून पाहिला तर आलेखाच्या कागदासारखा दिसतो. दर मैलाला एक रस्ता, सरळ उत्तर-दक्षिण किंवा सरळ पूर्व-पश्चिम. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्याला टाउनशिप म्हणतात. अशा चौकोनांची मिळून काउंटी. आपल्याकडे गावाची शीव नाल्याने वळते, टेकडीला वळसा घालते, कुणाच्या तरी बाभळीशी थांबते. तिथे आधी रेघा मारल्या आणि मग माणसं आणून बसवली. नदी मध्ये आली तरी रेघ थांबली नाही. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळचे लोक होते, त्यांना हाकलून कागद कोरा केला आणि त्यावर पट्टी ठेवली.

गावठाण नाही. आपल्यासारखी घरं एकत्र आणि शेतं भोवती, असं कुठेच नाही. प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या शेतात. शेजारीण मैलभर दूर. साखर संपली तर वाटी घेऊन जायचं कुठे?

एडनाबाईंकडे

मी एडना नावाच्या विधवा बाईंकडे राहत होते. वय साठीच्या पुढे, आजोबा जर्मनीहून आलेले, हात सुपासारखे मोठे. इंग्रजीत झालेलं बोलणं मी इथे मराठीत देते आहे, आणि एडनाबाईंचं आमच्या नागपुरी बोलीत; कारण त्यांचं इंग्रजीही शाळेतलं नव्हतं, आणि शेतकरी बाईच्या तोंडी पुस्तकी भाषा घालायला मला आवडत नाही.

रात्रीचं जेवण साडेपाचला. पहिल्या दिवशी मला वाटलं चहाची वेळ आहे. थलथलणाऱ्या गोड हिरव्या जेलीत किसलेलं गाजर आणि कोबी घालून ती भाजी म्हणून वाढतात. भुट्टा मात्र उत्तम, पण त्यालाही लोणी. मी मीठ-तिखट लावून खाल्ला तेव्हा एडनाबाई बघत राहिल्या. "जीभ जळून नाही राहिली काय तुही?" मी त्यांना एक दाणा दिला. त्या अर्धा लोटा दूध प्यायल्या.

एकदा सकाळी मी रस्त्याने फिरायला निघाले. साडी, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर. प्रत्येक मोटार थांबे. "गाडी बंद पडली का?" "बरं वाटत नाही का?" एकाने तर शेरीफला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, कळवलं. तिथे पायी चालणारा माणूस एकतर संकटात असतो किंवा चोर असतो.

एका रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमायचं होतं. पुडीतून वाचलेला मसाला घालून मी कोंबडी केली. तिथे मिस्टर ब्रँट भेटले: बँकेतून निवृत्त झालेले, प्रदर्शन समितीचे अध्यक्ष, अत्यंत सभ्य. त्यांनी मोठा तुकडा घेतला, गालफडं लाल झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "भारतात लोकसंख्या इतकी का वाढू देता?"

हा प्रश्न मला तिथे प्रत्येकाने विचारला. किराणा दुकानात विचारला, दातांच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारला. साठ कोटी हा आकडा सगळ्यांना पाठ होता. त्यांतलं एकही नाव त्यांना माहीत नव्हतं.

"मिसेस गॅस्बी," ब्रँट म्हणाले, "इतक्या गर्दीत माणसाची किंमत राहत नाही, नाही का?"

"गजभिये," मी म्हटलं. "आणखी घ्या ना कोंबडी."

एलायजाचं वळण

नकाशाचं काम मी मन लावून केलं. जुन्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, वह्यांच्या फिल्मा कॉलेजात होत्या. मोठी पांढरी फळी, त्यावर काउंटीच्या रेघा, आणि दर पन्नास माणसांना एक काळा ठिपका. आकडेमोड समितीतल्या लोकांनी आधीच करून ठेवली होती, टाउनशिपवार, त्यातल्या प्रत्येक वस्तीची वेगळी, गावाच्या नावांसकट. वस्तीत माणसं पंचविसांच्या वर असतील तर ठिपका, खाली असतील तर सोडून द्यायचं. ठिपके देणारा कोणीही असंच करतो. त्यांच्या आकड्यांवरून मी ठिपके दिले.

एक दिवस रस्त्यावर आणखी एक मोटार थांबली. आत सत्तरीच्या घरातल्या काळ्या बाई. गाडी बंद पडली का, असं त्यांनी विचारलं नाही.

"नकाशावाली बाई तूच काय वं?"

"मीच."

"मग बस. पायी कुठवर जाशील?"

त्यांचं नाव ओडेसा. बोलणं एडनाबाईंसारखंच ठसक्याचं, म्हणून तेही मी तसंच लिहिते. जन्मभर त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. गाडी नदीच्या दिशेने घेत त्या म्हणाल्या, "फळी पाहून आली मी. एलायजाचं वळण कुठे आहे त्याच्यावर?"

"असं नाव कुठे आलं नाही."

"नाव नसन आलं. माणसं होती ना!"

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या केंटकी-टेनेसीतून काळी कुटुंबं कॅन्ससमध्ये आली, हे मी वाचलं होतं. काही इथेही आली होती. चांगली जमीन आधीच गेलेली. उरली होती ती नदीच्या वळणावरची, पुराची. ती त्यांनी घेतली. जमीन मिळवायच्या सरकारी नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपल्या जमिनीवर घर बांधायचं, ते त्यांनी बांधलं. पण शेताच्या मधोमध, शेजाऱ्यापासून मैलभर दूर ते राहिले नाहीत. प्रत्येकाने आपल्या तुकड्याच्या अशा कोपऱ्यात घर बांधलं की सगळी घरं एका ठिकाणी आली. रात्री कुणी घरं जाळायला घोड्यावरून आलं तर हाक ऐकू जावी म्हणून. मधे चर्च, विहीर, शाळा. थोडक्यात, त्या सबंध मुलखात गाव करून राहिले ते एवढेच.

आता तिथे गव्हाचं शेत होतं. कापणी चालू होती. वळणाच्या वर एक उंचवटा, त्यावर चार-दोन देवदारासारखी झाडं आणि गवतात बुडालेले दगड. काहींवर नावं, बहुतेकांवर काही नाही.

"हे माही माय," ओडेसाबाईंनी एका दगडावर तळवा ठेवला. "मले पाच वर्षांची टाकून गेली. अन् तो तिकडे खाली पाह्य, तो डेल."

खाली कापणीयंत्रावर एक तरुण शेतकरी बसला होता. ही जमीन आता त्याची. कापणी झाली की तो उंचवट्यासकट सगळं नांगरणार होता. ओडेसाबाई काउंटीच्या रस्तेवाल्या साहेबांकडे गेल्या, तेव्हा साहेबांनी सांगितलं की जुन्या दफनभूमींना कुंपण घालायला काउंटी तयार आहे. पण प्रदर्शनातला नकाशा काउंटी अधिकृत म्हणून स्वीकारणार आहे, त्यात वस्ती दिसली तरच. डेलचंही तेच म्हणणं: काउंटी सांगेल तर सोडतो, नाहीतर माझ्या लेखी ते तण आहे.

म्हणजे माझ्या ठिपक्यावर त्यांच्या आईचं हाड अवलंबून होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत येताना मी त्यांना माझ्या गावाबद्दल सांगितलं. कामठीच्या पलीकडचं खेडं. शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी गावाचा नकाशा रंगवला होता: देऊळ, चावडी, पाटलाचं घर, वड, विहीर. नाल्यापाशी नकाशा संपत होता. आमची वस्ती नाल्यापलीकडे. छप्पन साली नागपुरात आम्ही बौद्ध झालो, तोपर्यंत मी शहरात शिकायला आले होते. भिंत तशीच होती.

"भिंत पुरली नसन," ओडेसाबाई म्हणाल्या.

"दारापर्यंत कोरी होती."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की गाडी रस्त्याच्या कडेला गेली.

त्या दुपारी मी समितीची आकडेमोड बाजूला ठेवली आणि फिल्मा स्वतः पाहिल्या. एलायजाचं वळण बरोबर अशा ठिकाणी होतं जिथे चार टाउनशिपचे कोपरे मिळतात. घरं त्या सांध्याभोवती. खानेसुमारीवाला प्रत्येक टाउनशिप वेगळी मोजत होता. त्यामुळे वस्तीचे चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात वीसेक माणसं. पंचविसांच्या खाली, सोडून द्या. दुसऱ्या तुकड्यात वीसेक, सोडून द्या. असं चारदा. पलीकडे एडनाबाईंच्या आजोबांचं जर्मन खेडं, माणसं जवळजवळ तेवढीच, पण सगळी एका चौकोनात. त्याला दोन ठिपके, खाली नाव, आणि हौसेने काढलेलं चर्चचं चित्र.

कुणी लबाडी केली असती तर मला बरं वाटलं असतं. लबाडाशी भांडता येतं. इथे तर प्रत्येक बेरीज बरोबर होती!

समितीची बैठक

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी कोर्टाच्या इमारतीत बैठक झाली. समितीत सातजण, त्यांत एडनाबाई. ओडेसाबाई समितीत नव्हत्या, त्या मागच्या खुर्चीवर बसल्या. मी उठून चौकोनांचा प्रकार समजावून सांगितला. ठिपका माणसं राहतात तिथे द्यायचा असतो, टाउनशिपच्या रेघेप्रमाणे तोडून नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कळतं. दोन ठिपके वाढवा आणि नाव लिहा. दहा मिनिटांचं काम.

ब्रँटनी चष्मा काढून पुसला. "मिसेस गॅस्बी, नियम सगळ्यांना सारखा लावला आहे."

"नियम सारखा लावला. पण रेघ सगळ्यांच्या अंगणातून गेलेली नाही."

"त्यांनी घरं आपापल्या जमिनीच्या मध्यावर बांधली असती तर..."

"तर रात्री जाळली गेली असती, एकेक करून."

कुणीतरी खाकरलं. ब्रँट अजून सभ्यच होते. "तुम्ही ज्या देशातून आलात तिथे ऐंशी माणसं म्हणजे एक गल्ली. तुम्हाला एवढ्या थोड्यांसाठी..."

"हो, एक गल्लीच," मी म्हटलं. "माझ्या गल्लीतल्या ऐंशीजणांची नावं मला येतात. कुणाच्या घरी काय शिजलं तेही सांगते. तुमच्याकडे माणसं इतकी कमी, तरी तुम्हाला मोजता आली नाहीत. आणि मला विचारता गर्दीत किंमत राहते का म्हणून?"

माझा आवाज चढला होता. चढू दिला.

मागून ओडेसाबाई ब्रँटना म्हणाल्या, "वॉल्टर, तुह्या दोन पोरींले म्याच पाढे शिकवले गा. सांग त्यांले, वीस चोक किती होते ते."

एकजण हसला आणि लगेच थांबला. ब्रँटनी मत घ्यायला सांगितलं. फळी रंगवून झाली आहे, छायाचित्रकार येऊन गेला आहे, आता बदल नको, असं कुणाचं मत आहे? हात वर झाले. चौथा हात एडनाबाईंचा होता. मोठा, सुपासारखा, टेबलाकडे बघत वर केलेला.

सातात चार. संपलं.

तिथेच भिंतीला टेकवलेल्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात, नकाशा कुणी काढला म्हणून माझं नाव सुबक अक्षरांत रंगवलं होतं. सगळ्या काउंटीत तेवढं एकच ठिकाण जिथे ते बरोबर लिहिलं होतं. रंगाऱ्याची चिंधी आणि टर्पेंटाइन खिडकीत होतं. मी चिंधी भिजवली आणि सगळ्यांसमोर नाव पुसून टाकलं. ब्रँट पहिल्यांदाच सभ्यपणा विसरले: "हे काय चाललंय?"

"माझं नाव पंचविसांच्या खाली आहे," मी म्हटलं.

बाहेर ओडेसाबाई गाडीचं दार धरून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. "डेलचं कापून झालं आज," त्या म्हणाल्या. "उद्या नांगर घेऊन येते तो. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या आधी निपटवतो म्हणे."

घरी एडनाबाईंनी चेरीचा पाय, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, केला होता. तिथे अपराधी वाटलं की बायका भट्टी पेटवतात. माझ्यापुढे मोठा तुकडा ठेवून त्या म्हणाल्या, "रागावली काय वं प्रोफेसर? वॉल्टरले मी शाळेपासून ओळखतो. चार लोकांत त्याचं मन कसं मोडू?"

"ओडेसाबाईंना किती वर्षं ओळखता?"

त्यांनी मोजलं असावं. तोंडावर दिसलं. पाय मी खाल्ला नाही, आणि मला चेरी आवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडताच मी ओडेसाबाईंना फोन केला आणि गाडी घेऊन यायला सांगितलं. मग एडनाबाईंच्या कोठारात गेले. तिथे कुंपणाचे लोखंडी खांब रचलेले होते आणि भिंतीला मोठा घण टेकवलेला. खांब ओढून गाडीत घातले. डिकी बंद होईना, तशीच उघडी ठेवून दोरीने बांधली. एडनाबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांना विचारलं नाही. मत देताना त्यांनीही मला विचारलं नव्हतं.

उंचवट्यावर पोचलो तेव्हा दव होतं. मी पदर कमरेला खोचला. ओडेसाबाईंनी खांब धरला, मी घण मारला. पहिला घाव चुकला, दुसरा बसला. जमीन वरून कडक, खाली मऊ, आपल्या काळ्या मातीसारखी नाही. लोखंडी खांबावर नांगर घालून कुणी फाळ तोडून घेत नाही. तेवढं तर कुठल्याही देशातल्या शेतकऱ्याला कळतं. एक बाजू झाली, आम्ही वळणाकडच्या बाजूला आलो, आणि खालून ट्रॅक्टर येताना दिसला. डेल उंचवट्याच्या पायथ्याशी थांबला. इंजिन चालूच ठेवलं.

"ए बाई!" तो ओरडला. "ही माझी जमीन आहे!"

ओडेसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तळहाताला थुंकी लावली आणि त्यांना म्हटलं, "सरळ धरा. पुढचा."